आधी फायली वाचवा, फॉरमॅटचं मग बघू

अनसिंगमधले आणि आसपासच्या गावांतले सेवा केंद्र चालवणारे, दुकानदार, बचत गटाचा हिशेब ठेवणाऱ्या ताई, घरी एकच जुना लॅपटॉप असलेली शिकती मुलं-मुली, तुम्हा सगळ्यांसाठी हे लिहितो आहे.

सकाळी तुम्ही कॉम्प्युटर चालू करता. कंपनीचं नाव दिसतं, ठिपके गोल फिरतात आणि निळी स्क्रीन येते. तो आपोआप बंद होतो, पुन्हा चालू होतो, पुन्हा तीच निळी स्क्रीन. बाहेर माणसं सातबारा आणि पासबुकाची झेरॉक्स घेऊन उभी असतात. अशा वेळी कोणीतरी हमखास सांगतं, "फॉरमॅट मारून टाका."

ते ऐकू नका. निदान लगेच तरी नको.

निळी स्क्रीन आली म्हणजे कॉम्प्युटर मेला असं नाही. नव्या विंडोज ११ मध्ये हीच स्क्रीन आता काळी दिसते, तिलाही घाबरू नका. बहुतेक वेळा तुमच्या फायली आत जशाच्या तशा असतात. विंडोजला सुरू होताना कशाचा तरी अडथळा झालेला असतो. आणि कधी कधी तो अडथळा अँटीव्हायरसचाच असतो.

अँटीव्हायरस इतर प्रोग्रॅमसारखा नसतो. टॅली किंवा ब्राउझर तुम्ही उघडल्यावर चालू होतो. अँटीव्हायरसचा एक छोटा भाग, ज्याला ड्रायव्हर म्हणतात, विंडोज पूर्ण सुरू व्हायच्या आतच कामाला लागतो. व्हायरसने त्याच्याआधी शिरकाव करू नये म्हणून त्याला ती जागा दिलेली असते. राखणदार उंबरठ्यावर झोपतो, तसं. पण तोच आजारी पडून दारात आडवा झाला, तर घरच्यांनाही आत जाता येत नाही.

साध्या प्रोग्रॅममध्ये चूक झाली तर तेवढा प्रोग्रॅम बंद पडतो. ड्रायव्हरमध्ये चूक झाली तर पुढचं नुकसान टाळायला विंडोज स्वतःच थांबतं. आपल्याला दिसते ती निळी स्क्रीन.

हे मोठमोठ्यांच्याही वाट्याला आलेलं आहे. १९ जुलै २०२४, शुक्रवारचा दिवस. क्राउडस्ट्राइक नावाच्या अमेरिकी कंपनीने आपल्या सुरक्षा प्रोग्रॅमसाठी एक छोटी फाईल पाठवली. आपल्याकडे तेव्हा सकाळचे ९ वाजून ३९ मिनिटं झाली होती. त्या फाईलीने प्रोग्रॅमला एकविसावी नोंद वाचायला सांगितली, आणि प्रोग्रॅमजवळ वीसच होत्या. एवढीशी चूक. १० वाजून ५७ मिनिटांनी कंपनीने ती मागे घेतली. तोवर मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे जगातले ८५ लाख कॉम्प्युटर निळ्या स्क्रीनवर अडकले होते. आपल्या देशात विमानतळांवर काही प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास घेऊन विमानात चढावं लागलं. देशातल्या १० बँका आणि वित्तसंस्थांना किरकोळ अडथळा झाल्याचं रिझर्व्ह बँकेने सांगितलं.

त्या जुलैत आपल्याकडच्या सेवा केंद्रांवर दोन गर्दी एकदम होत्या. लाडक्या बहिणीचे अर्ज चालू होते आणि पीक विम्याची मुदत १५ वरून ३१ जुलैवर गेली होती. क्राउडस्ट्राइकचा प्रोग्रॅम मोठ्या कंपन्या विकत घेतात, छोट्या केंद्रावर तो सहसा नसतो. म्हणून ते संकट आपल्या दारापर्यंत आलं नाही. पण त्यावरचा उपाय काय होता, तेवढं लक्षात ठेवा. कॉम्प्युटर सेफ मोडमध्ये चालू करायचा, ती एक चुकीची फाईल काढायची, पुन्हा चालू करायचा. असंख्य कॉम्प्युटर माणसांनी समोर बसून, एकेक करून असेच उठवले. त्यासाठी फॉरमॅट मारावा लागला नाही.

आणि ही काही एकाच कंपनीची गोष्ट नाही. २१ एप्रिल २०१० ला मॅकॅफीच्या अँटीव्हायरसने विंडोज एक्सपीचीच एक अत्यावश्यक फाईल व्हायरस समजून बाजूला काढली, आणि कॉम्प्युटर पुन्हा पुन्हा बंद-चालू होत राहिले. एप्रिल २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या अपडेटचं अव्हास्ट, अविरा, सोफोस अशा अँटीव्हायरसशी जमलं नाही, आणि विंडोज ७ चे कितीतरी कॉम्प्युटर सुरू होताना गोठले. तेव्हा तुमच्या हातून काहीतरी बिघडलं, असं मनाला लावून घेऊ नका.

आता तुमच्या कॉम्प्युटरकडे वळू.

सगळ्यात आधी मोबाइलने निळ्या स्क्रीनचा फोटो काढा. ती काही सेकंदच थांबते, म्हणून मोबाइल हातात धरूनच कॉम्प्युटर चालू करा. पुष्कळदा खालच्या ओळीत 'व्हॉट फेल्ड' असं लिहून एका फाईलीचं नाव दिलेलं असतं. त्या नावाच्या शेवटी इंग्रजीत एस, वाय, एस ही तीन अक्षरं असली, तर तो ड्रायव्हर. ते नाव मोबाइलवर शोधा. तुमच्या अँटीव्हायरसच्या कंपनीचं नाव समोर आलं, तर धागा सापडला.

पण एकदा आलेल्या नावावर विसंबू नका. दोन-तीनदा तेच आलं तर खरं धरा. दर वेळी वेगळंच नाव येत असेल, तर रॅम सैल झालेली किंवा खराब झालेली असू शकते. तिथे अँटीव्हायरस काढून उपयोग नाही.

मग कॉम्प्युटरला जोडलेलं सगळं काढा. पेनड्राइव्ह, प्रिंटर, अंगठ्याचं मशीन, डिजिटल सहीचं डोंगल. कीबोर्ड, माउस आणि वीज एवढंच राहू द्या. एकदा चालू करून बघा. कधी कधी इथेच काम होतं.

नाही झालं, तर पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा आणि कॉम्प्युटर बंद करा. चालू करा, ठिपके फिरायला लागले की पुन्हा तसाच बंद करा. असं दोन-तीनदा झालं की विंडोज १० आणि ११ स्वतःहून दुरुस्तीचा पडदा उघडतं. एक मात्र सांभाळा. स्क्रीनवर अपडेट चालू असल्याचं आणि बंद करू नका असं लिहून येत असेल, तर बटणाला हात लावू नका. तासभर लागला तरी वाट बघा.

दुरुस्तीच्या पडद्यावर 'ट्रबलशूट' निवडा. मग 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स', मग 'स्टार्टअप सेटिंग्ज', मग 'रीस्टार्ट'. कॉम्प्युटर पुन्हा चालू होऊन आकड्यांची यादी दाखवेल. ४ दाबा. हा सेफ मोड. यात विंडोज अगदी गरजेपुरत्या गोष्टी घेऊन उठतं. बाहेरून टाकलेला अँटीव्हायरस सहसा बाजूलाच राहतो. स्क्रीन काळी आणि अक्षरं मोठी दिसतील, ते बरोबर आहे. पिन चालला नाही तर पासवर्ड द्यावा लागतो.

सेफ मोड उघडला आणि तोच ड्रायव्हर अडवत होता, तर निम्मं काम झालं. पण लगेच दुरुस्तीला लागू नका. आधी पेनड्राइव्ह किंवा बाहेरची हार्ड डिस्क लावा आणि फायली उतरवून घ्या. डेस्कटॉप, डाउनलोड्स, डॉक्युमेंट्स, फोटो, टॅलीचा फोल्डर. पुष्कळांना वाटतं की आपलं सगळं डी ड्राइव्हमध्ये आहे, मग भीती कसली. डेस्कटॉपवर जे दिसतं ते बहुधा सी ड्राइव्हमध्येच असतं, आणि फॉरमॅटमध्ये पहिल्यांदा तोच पुसला जातो. रोजचं काम घाईत डेस्कटॉपवरच ठेवायची सवय असते, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

फायली निघाल्या की अँटीव्हायरस काढा. कंट्रोल पॅनलमध्ये प्रोग्रॅमची यादी असते, तिथून. काही अँटीव्हायरस सेफ मोडमध्ये या वाटेने निघत नाहीत. त्यांच्या कंपन्या स्वतःचा अँटीव्हायरस काढून टाकण्यासाठी छोटा प्रोग्रॅम फुकट देतात. दुसऱ्या कॉम्प्युटरवरून, कंपनीच्या खऱ्या संकेतस्थळावरून तो पेनड्राइव्हमध्ये घ्या आणि चालवा. मग नेहमीसारखा कॉम्प्युटर चालू करा. तो उठला की विंडोजचा स्वतःचा डिफेंडर राखणीला येतो. तो आपोआप चालू झाला का, ते विंडोज सिक्युरिटीमध्ये जाऊन बघा.

सेफ मोडही उघडला नाही तर? आकड्यांच्या त्याच यादीत ८ आहे. तो दाबला की सुरुवातीलाच ड्रायव्हर तपासणारी अँटीव्हायरसची राखण एका वेळेपुरती बंद राहते. त्या तपासणीमुळेच अडलं असेल, तर कॉम्प्युटर उठतो. तेही जमलं नाही तर दुरुस्तीच्या पडद्यावर 'सिस्टम रिस्टोर' आहे. त्याने कॉम्प्युटर जुन्या तारखेच्या स्थितीत जातो. तुमचे फोटो आणि कागद तसेच राहतात, त्या तारखेनंतर टाकलेले प्रोग्रॅम तेवढे जातात. बिघाड विंडोजच्या अपडेटनंतर लगेच सुरू झाला असेल, तर तिथेच 'अनइन्स्टॉल अपडेट्स' आहे.

दोन गोष्टी करू नका. ड्रायव्हरच्या फोल्डरमध्ये जाऊन अंदाजाने फायली पुसू नका. क्राउडस्ट्राइकच्या वेळी नेमकी कुठली फाईल काढायची ते कंपनीनेच सांगितलं होतं, म्हणून ते चाललं. आणि 'रीसेट धिस पीसी' या पर्यायात 'रिमूव्ह एव्हरीथिंग' चुकूनही निवडू नका. त्याने सगळंच जातं.

काही लॅपटॉपवर मध्येच ४८ आकड्यांची किल्ली मागितली जाते. ही बिटलॉकरची. नव्या लॅपटॉपमध्ये मायक्रोसॉफ्टच्या खात्याने पहिल्यांदा आत शिरलं की पुष्कळदा डिस्कला आपोआप कुलूप लागतं, आणि मालकाला ते माहीतही नसतं. ही किल्ली बहुधा त्याच खात्यात ठेवलेली असते. मोबाइलवरून त्या ईमेलने मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावर जा, तुमच्या उपकरणाच्या नावाखाली ती सापडेल. किल्ली नसेल तर डिस्क काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला लावली तरी फायली वाचता येत नाहीत. म्हणून तुमचा लॅपटॉप आज चांगला चालत असेल तर आजच ही किल्ली कागदावर उतरवा आणि रेशन कार्डाजवळ ठेवा. दुकानात लॅपटॉप चालू करून देणाऱ्या मुलाने ईमेल कुठला दिला होता, पासवर्ड काय होता, हे दोन वर्षांनी कोणालाच आठवत नाही.

एवढं करूनही जमलं नाही, किंवा हे सगळं तुम्हाला अवघड वाटलं, तर दुरुस्तीवाल्याकडे जा. त्यात कमीपणा नाही. पण बोलताना क्रम सांभाळा. "आधी डेटा काढून द्या, मग विंडोज टाका," हे स्पष्ट सांगा. डेटा काढायचे किती आणि विंडोज टाकायचे किती, आधीच विचारा. डिस्कला बिटलॉकरचं कुलूप नसेल, तर सुरू न होणाऱ्या कॉम्प्युटरमधूनही फायली निघतात. डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरला लावता येते, किंवा पेनड्राइव्हवरून दुसरी प्रणाली चालवून आत जाता येतं. चांगल्या कारागिराला हे येतं. "डेटा गेला" असं कोणी डिस्क न लावताच सांगितलं, तर थांबा आणि वाशिमला दुसऱ्याला दाखवा. फायली निघाल्यावर दोन-चार उघडून बघा, आणि मगच फॉरमॅटला हो म्हणा.

डिजिटल सही डोंगलमध्ये असते, ती फॉरमॅटने जात नाही. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड मात्र जाऊ शकतात. पोर्टलचे पासवर्ड वहीत आहेत का, हे त्याआधी बघा.

सेवा केंद्रवाल्यांना वेगळं सांगायचं आहे. तुमच्या कॉम्प्युटरवर फक्त तुमचं काही नसतं. गावातल्या किती माणसांची आधार कार्डं, पासबुकाची पानं, सातबारे, फोटो आणि मोबाइल नंबर डाउनलोड्सच्या फोल्डरमध्ये साचलेले असतात. त्यांनी ते तुमच्यावर विश्वास ठेवून दिले. तो कॉम्प्युटर दोन दिवस कुणाच्या दुकानात पडून राहिला, तर ते सगळं तिथे उघडं पडतं. म्हणून दुरुस्ती शक्यतो डोळ्यांसमोर करून घ्या. ठेवावाच लागला तर डिस्क काढून घरी आणा, दुरुस्तीवाल्याला तिची गरज पडेल तेव्हा स्वतः घेऊन जा. आणि अर्ज भरून पावती निघाली की त्या माणसाचे कागद कॉम्प्युटरवरून पुसायची सवय लावा. रोज संध्याकाळी पाच मिनिटं लागतात. आपल्या माणसांच्या कागदांची एवढी काळजी घ्यायलाच हवी, असं मला मनापासून वाटतं.

आणि शेतकरी भावांनो, तुमच्यासाठीही एक गोष्ट. केंद्राचा कॉम्प्युटर बंद पडला म्हणून मुदत थांबत नाही. सोयाबीन-तुरीचा विमा शेवटच्या दोन दिवसांवर ठेवू नका. एक केंद्र बंद असेल तर दुसऱ्या केंद्रावर जा, बँकेत जा. "कागद ठेवून जा, चालू झाला की भरतो," असं कोणी म्हटलं तर मूळ कागद सोडू नका. अर्ज भरल्याची पावती हातात आल्याशिवाय काम झालं असं धरू नका.

अडचणीत असताना माणूस मदतीला लवकर हो म्हणतो. हे ठकांना ठाऊक असतं. जुलै २०२४ मध्ये निळ्या स्क्रीनचा गोंधळ चालू असतानाच दुरुस्तीच्या नावाने खोटे ईमेल आणि खोटी संकेतस्थळं निघाली. केंद्र सरकारच्या सर्ट-इन या संस्थेला लोकांना सावध करावं लागलं. तुम्ही मोबाइलवर अँटीव्हायरस कंपनीचा नंबर शोधाल, तर वर येणारा नंबर खरा असेलच असं नाही. नंबर खोक्यावरून किंवा बिलावरून घ्या. समोरचा एनीडेस्कसारखं ॲप मोबाइलवर टाकायला सांगत असेल, तर फोन ठेवून द्या. कॉम्प्युटर दुरुस्त करायला तुमचा मोबाइल, ओटीपी किंवा यूपीआयचा पिन कोणालाही लागत नाही. पैसे गेलेच तर लाजू नका, घरच्यांपासून लपवू नका. लगेच १९३० वर फोन करा. जितका लवकर फोन, तितकी पैसे अडवले जाण्याची शक्यता जास्त.

मी अँटीव्हायरसच्या विरोधात नाही. पुण्याची क्विक हील ही आपल्या मराठी माणसांनीच उभी केलेली कंपनी आहे. सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरचे कैलास काटकर कॅल्क्युलेटर दुरुस्त करता करता कॉम्प्युटरकडे वळले. दुरुस्तीला येणाऱ्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस सापडू लागले, तेव्हा धाकटे भाऊ संजय यांनी त्यावर प्रोग्रॅम लिहिले. लोकांची अडचण सोडवण्यातूनच हे सगळं जन्माला आलं आहे.

पण अँटीव्हायरस एकच ठेवा. दोन ठेवले तर दोघेही एकाच जागी पहारा द्यायला जातात, एकमेकांनाच अडवतात आणि कॉम्प्युटर रखडतो, कधी बंदही पडतो. नव्या लॅपटॉपबरोबर काही महिन्यांचा फुकट अँटीव्हायरस येतो. त्याची मुदत संपली आणि तुम्ही दुसरा घेतला, तर पहिला आधी काढा. क्रॅक केलेला, कोणीतरी पेनड्राइव्हमधून दिलेला तर घेऊच नका. घरच्या वापराला, माझ्या मते, विंडोजबरोबर येणारा डिफेंडर पुरतो. मात्र विंडोजला अपडेट मिळत असायला हवेत. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे, हे ध्यानात घ्या.

आपल्याकडची सगळ्यात मोठी अडचण वेगळीच आहे. लाईट जाते. पावसाळ्यात वारं सुटलं की जाते, आणि नेमकी अपडेट चालू असताना गेली तर ड्रायव्हरची फाईल अर्धवट राहू शकते. दुसऱ्या दिवशी निळी स्क्रीन. डेस्कटॉपला यूपीएस लावा. जुना असेल तर त्याची बॅटरी बघा, कितीतरी यूपीएस नुसते नावाला असतात. लॅपटॉप चार्ज असताना, संध्याकाळी काम संपल्यावर अपडेट करा. अर्जांच्या गर्दीच्या दिवशी सकाळी तर नकोच.

आठवड्यातून एक दिवस ठरवा आणि त्या दिवशी कामाच्या फायली बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवा. उतरवून झालं की ती डिस्क काढून कपाटात ठेवा. कॉम्प्युटरला जोडलेलीच ठेवली, तर व्हायरस तिच्यातही शिरतो आणि वीज जास्त आली तर तीही जळते.